उडवीच्या तळाशी

भात झोडून झालं होतं. खळ्यावर इंद्रायणीचा वास रेंगाळत होता आणि नवा पेंढा बांधाच्या कडेला पिवळाधमक रचून ठेवला होता. माझं लक्ष मात्र त्यामागच्या जुन्या उडवीकडे होतं. दोन पावसाळे खाल्लेली उडवी, वरून राखाडी आणि कोरडी. बाजूने हात घालून तळाकडचं थोडं उकरलं, तर काडी म्हणून काही उरलंच नव्हतं. चहाच्या चोथ्यासारखा काळपट ओला भुगा हाताला लागला, त्यात पांढऱ्या धाग्यांची बारीक जाळी, आणि वास अळंब्यांचा.

“अगं, हात कशाला घालतेस? विंचू असतो तिथं,” मामा मागून ओरडले.

“मामा, यातलं मूठभर नेऊ का? प्रयोगशाळेत द्यायचंय.”

“मूठभर कशाला, घमेलंभर ने. पण करणार काय त्याचं, ते सांग आधी.”

मी सांगितलं. पेंढा कुजवणारी ही बुरशी काचेच्या बशीत वाढवायची, ती कोणतं एन्झाइम सोडते ते बघायचं, आणि ते कामाचं निघालं तर पुढे त्यावर पेटंटचा अर्ज करायचा.

मामांनी हातातला विळा बांधावर टेकवला. “कुणाच्या नावावर?”

त्या दोन शब्दांवर आमची मावळातल्या भाजे गावातली ती सकाळ संध्याकाळपर्यंत चालली.

मी पुण्यात पेटंटचे अर्ज लिहिते, बहुतेक एन्झाइमांचे. मराठीत विकर म्हणतात, पण कारखान्यात आणि प्रयोगशाळेत सगळे एन्झाइमच म्हणतात. मामांचा या विषयाशी संबंध माझ्यापेक्षा जुना आहे. पिंपरी-चिंचवडच्या बाजूच्या एका औषध कारखान्यात त्यांनी फर्मेंटरवर ऑपरेटर म्हणून एकतीस वर्षं काढली. मळवलीहून लोकलने जायचं, तिन्ही पाळ्यांत. आता पूर्ण वेळ शेती. एन्झाइम हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला होता, तोही शत्रूचं नाव घ्यावं तसा: “पेनिसिलिनच्या टाकीत भलता जिवाणू शिरला की तो पेनिसिलिनेज सोडतो. हे एन्झाइम रातोरात सगळं पेनिसिलिन खाऊन टाकतं. सकाळी बॅच गेलेली असते.”

“पेंढ्याचं एन्झाइम हवंय कुणाला?” मामांनी विचारलं.

हवंय बऱ्याच जणांना. पेंढा म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, म्हणजे साखरेचीच लांब साखळी. ती तोडली की साखर, आणि साखर आंबवली की इथेनॉल. पानिपतला १० ऑगस्ट २०२२ रोजी देशाला अर्पण झालेला प्रकल्प वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्यासाठी उभारला आहे. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. पण साखळी तोडायला सेल्युलेज नावाची एन्झाइमं लागतात आणि पेंढ्यापासूनच्या इथेनॉलमध्ये मोठा खर्च या एन्झाइमांचाच असतो. जीन्सच्या कापडाला जुनाट रंग आणायला पूर्वी प्युमिस दगडांबरोबर घुसळायचे, आता तेही सेल्युलेज करतं.

“आणि आत्ता वापरतात ते सेल्युलेज कुठनं आलं?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, कारण उत्तर माझ्या बाजूचं नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि पट्टे पावसात बघता बघता कुजायला लागले. कारण शोधायला लष्कराच्या प्रयोगशाळेने तिथल्या बुरश्या गोळा केल्या. सॉलोमन द्वीपसमूहातल्या बोगनव्हिल बेटावरची एक बुरशी सगळ्यांत खादाड निघाली. एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिचं नाव पुढे ट्रायकोडर्मा रीसाय पडलं. कापूस वाचवायला जिचा अभ्यास सुरू झाला, तिच्याच वंशातून आज जगभरात सेल्युलेज बनतं. त्या एका बुरशीभोवती किती पेटंटं उभी आहेत याची मोजदाद मी करू शकत नाही. कामापुरती शेकडो चाळली आहेत.

“म्हणजे बुरशीला नाव मिळालं ते साहेबाचं. बेटावरच्या लोकांना काय मिळालं?”

“काही नाही, मामा.”

“मग?”

मी त्यांना यलोस्टोनचीही गोष्ट सांगितली, कारण अर्धंच सांगणं बरोबर झालं नसतं. अमेरिकेच्या त्या राष्ट्रीय उद्यानातल्या गरम झऱ्यात १९६६ साली थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना सत्तर अंशांच्या पाण्यात वाढणारा एक जिवाणू सापडला. त्यांनी तो सार्वजनिक संग्रहात ठेवून दिला, कुणीही मागावा आणि न्यावा. त्याच जिवाणूच्या एन्झाइमवर पुढे पीसीआर ही डीएनएच्या प्रती काढायची पद्धत उभी राहिली. कोविडमध्ये नाकातला बोळा घेऊन जी तपासणी व्हायची ती हीच. १९९१ मध्ये सीटस कंपनीने पीसीआरचे हक्क रोशला तीस कोटी डॉलरना विकले. उद्यानाच्या पदरात त्यातलं काही पडलं नाही.

मामी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, “विरजण मागायला आलेल्या बाईला मी आजवर परत पाठवलेली नाही.”

मामांना तेवढंच हवं होतं. “हेच म्हणतोय मी. विरजण एका घरातनं दुसऱ्या घरात जातं म्हणून टिकतं. माझी म्हैस आटली तर चार दिवसांनी तुझ्याकडनं परत आणीन. तेच तू कुलपात ठेवलंस तर एक दिवस तुझंही नासणार. जिवंत वस्तूला कुंपण घालायचं नसतं. इंद्रायणी बघ. इथल्या वडगावच्या केंद्रात काढला तो वाण, आंबेमोहोर आणि आयआर-८ चा संकर, १९८७ साली आला. सगळ्या मावळानं लावला, बियाणं एकमेकांना दिलं. कुणी आडवं आलं नाही म्हणून तर मावळ त्यावर उभं आहे.”

“इंद्रायणी सरकारी पैशातून झाला, मामा. सगळ्यांच्या पैशातून झालेलं सगळ्यांचं असावं, हे मलाही मान्य आहे. आणि शेतकऱ्यानं बी राखायचं, वाटायचं, हा हक्क २००१ च्या कायद्यानं लिहून दिलाय. पण तुम्ही पेटंटच्या विरुद्ध विरजण ठेवताय, ते मला पटत नाही. पेटंटच्या विरुद्ध बाजूला विरजण नसतं. गुपित असतं.”

मामा थांबले.

माझ्या व्यवसायाचा गाभा मला जसा कळला तसा तो मी त्यांना सांगितला. कारखानदाराला फायदा हवाच असतो. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, पद्धत दडवायची: दाराला कुलूप, नोकरांकडून शपथपत्रं, आणि जाणता माणूस गेला की विद्याही गेली. दुसरी, सरकारला सगळं लिहून द्यायचं, काहीही न लपवता, त्या क्षेत्रातल्या जाणत्याला वाचून तेच करता येईल इतकं. अर्ज केल्यापासून अठरा महिन्यांनी ते लिखाण कुणालाही वाचायला खुलं होतं. बदल्यात वीस वर्षं दुसऱ्यानं परवानगीशिवाय त्याचा धंदा करायचा नाही. विसाव्या वर्षानंतर ते विरजणासारखंच, ज्याला हवं त्यानं न्यावं.

“आणि बुरशी? ती काय कागदावर लिहिणार?”

“नाही लिहिता येत. म्हणून ती जमा करावी लागते.” पुण्यातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या सूक्ष्मजीव संग्रहाला बुडापेस्ट कराराखाली २०११ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्याआधी देशात अशी मान्यता फक्त चंडीगडच्या संग्रहाला होती. अर्जदारानं आपला सूक्ष्मजीव तिथं द्यायचा, तो काचेच्या कुपीत सुकवून, गोठवून निदान तीस वर्षं सांभाळला जातो, आणि कायद्यानं ठरलेल्या वेळेनंतर दुसरा अभ्यासक तो मागू शकतो. लेखी वर्णन अपुरं पडतं तिथं प्रत्यक्ष वस्तूच हजर करायची, ही मला या कायद्यातली फार प्रामाणिक तरतूद वाटते.

मामांना कुपीची गोष्ट आवडली, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. फर्मेंटरवरच्या माणसाला शुद्ध कल्चरची किंमत सांगावी लागत नाही. पण ते सोडणारे नव्हते.

“मग आता माझं ऐक. सहा-एपीए माहितीये ना?”

माहीत होतं, पण मी त्यांना सांगू दिलं.

पेनिसिलिन जी ही मूळ वस्तू. तिची एक बाजूची साखळी कापली की सहा-एपीए उरतं, आणि त्याला नवी साखळी जोडून अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन होतात. आपल्या घरातल्या कित्येक तापांमध्ये लागलेल्या गोळ्या याच वाटेनं आल्या. मामा कामाला लागले तेव्हा ही कापणी रसायनांनी व्हायची.

“उणे चाळीस अंशावर,” मामा म्हणाले. “टाकीच्या नळ्यांवर बर्फ. आत डायक्लोरोमिथेन, आणि वरून फॉस्फरस पेंटाक्लोराइड. त्या पावडरीला हवेतली ओल लागली की आम्लाचा धूर निघायचा. पावसाळ्यात तर विचारू नको. डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. रात्रपाळी करून लोकलनं येताना शेजारी बसलेला माणूस वासानं उठून जायचा. तुझ्या मामीनं माझे कपडे वेगळ्या बादलीत धुतलेत पंधरा वर्षं.”

“आणि मग एन्झाइम आलं.”

“मग एन्झाइम आलं. पेनिसिलिन असायलेज. बारीक दाण्यांवर पक्कं बसवलेलं, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसायचे ते दाणे. टाकीत नुसतं पाणी, सदतीस अंश, आपल्या अंगाएवढं ऊन. पेनिसिलिन घालायचं, ढवळायचं, आम्ल सुटतं तसा अल्कली सोडत राहायचं. दोन-तीन तासांत काम झालं की पाणी गाळून घ्यायचं, दाणे टाकीतच. लगेच दुसरी बॅच. पुन्हा पुन्हा तेच दाणे. पहिल्या दिवशी मला खरंच वाटेना. धूर नाही, वास नाही, आणि माल तोच.”

मामांचा आवाज इथे मऊ झाला होता. एका एन्झाइमनं एका माणसाच्या छातीवरचं ओझं उतरवलं, हे मी कुठल्याही पेटंटच्या प्रस्तावनेत इतकं स्वच्छ वाचलेलं नाही.

“पण ते दाणे लवकर मरायचे,” ते पुढे म्हणाले. “चाळीस-पन्नास बॅचनंतर वेग पडायचा. साहेब म्हणायचे, दाणेच हलके आलेत. मी बघत होतो रोज. अल्कली एका नळीनं एकाच जागी पडायचा. जिथं पडायचा तिथले दाणे भाजल्यासारखे पिवळट व्हायचे. मी वेल्डरला गाठलं, नळीला गोल वळवून तिला खालून सात भोकं पाडून घेतली, आणि ती पंख्याच्या अगदी जवळ बसवली. अल्कली पडला की लगेच पांगायचा. त्याच दाण्यांनी दुपटीच्या वर बॅचेस दिल्या.”

“मग?”

“मग अहवाल झाला. दोन साहेबांची नावं. मला एक स्टीलचा डबा आणि पाठीवर थाप. पुढं त्याचं पेटंट झालं की नाही, मला माहीत नाही. झालं असेल तर माझं नाव त्यात नाही, एवढं माहीत आहे.”

थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प होतो. कायद्यात काय आहे ते मला माहीत होतं: अर्ज खऱ्या आणि पहिल्या संशोधकाच्या हक्कातूनच करता येतो, मग पैसा कुणाचाही असो. ते मी म्हणालेही. पण म्हणताना जाणवलं की अर्ज लिहायला बसते तेव्हा माझ्यासमोर संशोधन विभागाचे लोक असतात. टाकीवरचा माणूस त्या खोलीत कधी आलेला नाही, आणि त्याला बोलवा असं मीही आजवर म्हटलेलं नाही.

“कायदा विचारतो की डोकं कुणाचं. डोळा कुणाचा होता, हे कोण विचारणार?” मामा म्हणाले. त्यावर माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं.

जेवणानंतर विषय कायद्यावर आला. मामा १९७० च्या कायद्याचे आहेत. त्यांच्या पिढीला तो कायदा आपला वाटतो, आणि योग्यच आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालातून तो आला. औषध आणि अन्न या वस्तूंवर पेटंट नाही, फक्त बनवायच्या पद्धतीवर, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. तेच औषध दुसऱ्या वाटेनं बनवा, कुणी अडवणार नाही. त्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या कारखान्यांनी वाटा शोधल्या आणि औषधं स्वस्त झाली. १ जानेवारी २००५ पासून वस्तूवरही पेटंट मिळू लागलं.

“बघ, कुंपण नव्हतं तेव्हा आम्ही वाढलो,” मामा म्हणाले.

“पद्धतीला कुंपण होतंच, मामा. म्हणून तर नव्या पद्धतीला किंमत होती. तुमचे साबुदाणे हीसुद्धा नवी पद्धतच. आणि १९६१ च्या सुमाराचं हमायसीन घ्या. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांच्या गटानं शोधलेलं बुरशीवरचं औषध. ज्या जिवाणूतून काढलं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी गावाचं नाव जगातल्या शास्त्रात गेलं.”

“नाव गेलं ते चांगलंच झालं,” मामांनी मान्य केलं.

जिवंत वस्तूवर आणि तिच्यातून काढलेल्या एन्झाइमवर पेटंट हे काही कालपरवाचं खूळ नाही, हेही मी सांगितलं. लुई पाश्चर यांना १८७३ मध्ये अमेरिकेत रोगजंतूविरहित यीस्टवर पेटंट मिळालं होतं. जपानी जोकिची ताकामिने यांनी १८९४ मध्ये गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून काढलेल्या एन्झाइमचं पेटंट अमेरिकेत घेतलं. १९८० मध्ये आनंद चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञाच्या तेल खाणाऱ्या जिवाणूचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी निकाली निघाला, आणि माणसानं घडवलेला जिवाणू पेटंटयोग्य ठरला. मामांनी यांतलं ताकामिने यांचंच नाव बरोबर पकडलं.

“कोंड्यावर बुरशी वाढवणं तो कुठं शिकला?”

जपानमध्ये. तांदळावर कोजी बुरशी वाढवून साके करणं तिथं शेकडो वर्षं चालत आलं आहे. ताकामिने यांची आई साके गाळणाऱ्या घराण्यातली होती.

“हळदीचंच झालं की मग हे!”

हळदीचं प्रकरण मावळातल्या कुठल्याही घरात सांगावं लागत नाही. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघांना मार्च १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी पुढे सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख झाले. त्याआधी ते पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. सीएसआयआरने १९९६ मध्ये आव्हान दिलं, ३२ जुने संदर्भ काढून दाखवले, त्यात १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता, आणि पेटंट रद्द झालं. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हळद जखमेवर लावतात हे प्रत्येक आजीला ठाऊक होतं, पण चाललं ते लिहिलेलं. न लिहिलेल्याला तिथं साक्ष देता येत नव्हती.

दुपारी चारच्या सुमारास मामा म्हणाले, चल, लेण्यांवर जाऊन येऊ. पायऱ्या चढताना त्यांना माझ्यापेक्षा कमी दम लागत होता. चैत्यगृहात वर छताला लाकडी कमानी आहेत. सागवान, दोन हजार वर्षांच्या वरचं. मी म्हटलं, खाली पेंढा दोन पावसाळ्यांत चोथा होतो आणि इथं लाकूड अजून उभं आहे. मामा म्हणाले, वर पाथर आहे, ओल पोचत नाही, आणि सागाला स्वतःचं तेल असतं, “बुरशीला तिथं खायला आहे, पण प्यायला नाही.” 

तिथून ते मला पाण्याच्या टाक्याकडे घेऊन गेले. तिथल्या ब्राह्मी लेखात दात्याचं नाव आहे: महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्त. लेखात टाक्याला पोढी म्हटलंय, आणि ती दान आहे.

“नाव कोरलंय की नाही?” मामा म्हणाले. “त्याला पण नावाची हौस होती. पण पाणी कुणी प्यायचं, त्यावर एक अक्षर नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. नाव ठेवा. पाणी अडवू नका.”

“विष्णुदत्ताजवळ आधीच पैसा होता, मामा. म्हणून तो खोदकाम करवून दान करू शकला. ज्याच्याजवळ नाही, त्यानं पाच-सात वर्षं प्रयोग करायचे ते कशाच्या जोरावर? चार माणसांची कंपनी असते. दहा बुरश्यांपैकी नऊ वाया जातात. दहावी चालली आणि ती दुसऱ्या दिवशी मोठ्या कंपनीनं उचलली, तर अकरावी कुणी शोधणार नाही.”

“बरं. आणि उडवीतली बुरशी आहे तशी तुमची होते?”

“नाही होत. आपल्या कायद्यात निसर्गात सापडलेली वस्तू सापडली म्हणून कुणाच्या नावावर होत नाही. तिच्या एन्झाइममध्ये फेरफार केला, म्हणजे ते साठ अंशांवरही टिकेल असं केलं, तर तो फेरफार. किंवा वापरायची नवी पद्धत.”

“केवढा फेरफार?”

“एन्झाइम म्हणजे चारशे-पाचशे मण्यांची माळ समजा. त्यातले दोन-तीन मणी बदलायचे.”

“चारशेतले दोन मणी बदलले की माळ तुमची?”

“बदललेली माळ. मूळची माळ सगळ्यांचीच राहते.” मी थोडी थांबले, कारण पुढचं सांगायलाच हवं होतं. “पण आम्ही अर्जात तेवढंच लिहीत नाही, मामा. आम्ही लिहितो, या माळेशी ऐंशी टक्के जुळणारी प्रत्येक माळ आमची. प्रत्यक्ष केलेल्या असतात दहा-वीस. मागितलेल्या असतात कोट्यवधी.”

“हे चोरीचं आहे.”

मी भांडले नाही. यावर न्यायालयंही गप्प राहिलेली नाहीत. अल्फा-अमायलेज हे स्टार्च फोडणारं एन्झाइम; लिक्विड ग्लुकोज त्याच्याच घराण्यातल्या एन्झाइमांनी बनतं, आणि लोणावळ्याच्या चिक्कीत पाक साखरू नये म्हणून लिक्विड ग्लुकोज घालतात. तर या अमायलेजच्या उष्णतेत टिकणाऱ्या रूपांवरून नोव्होझाइम्स आणि ड्युपाँट यांच्यात अमेरिकेत खटला झाला. ज्यूरीनं जवळपास एक कोटी ऐंशी लाख डॉलरची भरपाई दिली होती. पण २०१३ मध्ये अपील न्यायालयानं पेटंटच अवैध ठरवलं. अर्जात मणी बदलता येतील अशा तेहतीस जागांची यादी होती; नेमक्या ज्या जागेवर हक्क सांगितला तिथं बदल करून खरोखर टिकाऊ झालेलं एकही एन्झाइम त्या अर्जात दाखवलेलं नव्हतं. केलंच नाही ते तुमचं कसं, असा त्या निकालाचा अर्थ मी घेते. तो वाचल्यापासून अर्जात ऐंशी टक्के लिहिताना माझा हात जड होतो, आणि मी अशिलाला विचारते, यातलं तुम्ही खरंच केलंय किती?

“विचारतेस ना? मग बरं आहे,” मामा म्हणाले. लेणी बंद व्हायची वेळ झाली होती. रखवालदार शिट्टी वाजवत होता.

उतरताना मी त्यांना शेवटची गोष्ट सांगितली, जी मुळात सकाळीच सांगायला हवी होती. आपल्या पेटंट कायद्यात जैविक वस्तू वापरली असेल तर ती कुठून घेतली, ती जागा अर्जात लिहावीच लागते. लपवली किंवा खोटी लिहिली, तर तेवढ्या कारणावरून पेटंटला विरोध करता येतो. आणि २००२ चा जैवविविधता कायदा म्हणतो की इथल्या जैविक साधनावरच्या शोधाचं पेटंट हवं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडे जा, फायद्यातला वाटा ठरवा. ग्रामपंचायतीत त्यासाठी समिती असते, गावातल्या जीवजातींची नोंदवही असते.

“म्हणजे त्या अर्जात भाजे लिहावं लागेल?”

“लागेल.”

“पिंपरीसारखं.”

“पिंपरीसारखं. आणि पैसा आला तर त्याचा काही भाग इथं.”

“नोंदवही कितीतरी गावांत कपाटातच असते, पोरी. कायद्यात वाटा आहे म्हणजे हातात आला असं नाही.” ते खरं होतं. मी म्हटलं, कपाटातली असली तरी वही आहे, म्हणून मागायला जागा आहे. बोगनव्हिलला तेवढीही नव्हती. यावर ते ‘हो’ म्हणाले नाहीत, ‘नाही’ही म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, पाळी संपताना लॉगशीट भरायचे तशा ठाशीव अक्षरांत लिहायला घेतलं. मी खांद्यावरून वाचत होते. भाजे. इंद्रायणीचा पेंढा, दोन पावसाळे झालेला. तळापासून वीतभर उंचीवर. हाताला गार. वास अळंब्यांचा. उडवीचं उजवं अंग आधी कुजलं, डावं मागाहून.

“उजवं आधी का?”

“गोठ्याचं पाणी उजवीकडनं वाहतं. गोमूत्राचा नत्र मिळतो त्याला. डाव्या अंगाचं तू घेऊच नको, तिथली काडी अजून कडक आहे.”

प्रयोगशाळेत हे शोधायला आम्हाला सहा महिने लागले असते. मी त्यांना सांगितलं की हे पान मी अर्जाबरोबर ठेवणार, आणि अर्ज झालाच तर संशोधकांच्या बैठकीला तुम्ही यायचं. मामांनी खाली सही केली आणि तारीख घातली.

“भुगा मात्र आज नेऊ नको. आधी कागद कर, समितीला पत्र दे, मग ये. तोवर मी त्यावर ताडपत्री टाकतो, फार वाळू देत नाही.” मग मामींकडे वळून म्हणाले, “ही उडवी यंदा राबात घ्यायची नाही बरं का. वैशाखात भाजताना सोडून द्यायची.”

“आणि रोपाच्या वाफ्यावर काय पसरायचं मग?” मामींनी विचारलं.

“रानातनं दोन भारे पाला जास्तीचा आणतो,” मामा म्हणाले, आणि ताडपत्री शोधायला माळ्यावर चढले.